डावा डोळा, सिक्स बाय सिक्स

देवदत्त निमखेडकर तीन वर्षं 'वंडर मॉम्स' या व्हॉट्सॲप गटाचा सभासद होता. मुलीच्या शाळेच्या प्राथमिक विभागात मदतीला जाणाऱ्या पालकांचा तो गट. देवदत्त आला तेव्हा नाव बदलावं का, अशी थोडी चर्चा झाली. पण त्याच नावाच्या ऐंशी टोप्या नुकत्याच छापून झाल्यात, हे कुणीतरी लक्षात आणून दिलं आणि विषय मिटला. क्रीडादिनाच्या फोटोत देवदत्त तीच गुलाबी टोपी घालून पन्नास मीटरच्या शर्यतीची दोरी धरून उभा आहे. चेहऱ्यावर, आपण दोरी सरळ धरली आहे याचं समाधान.

तो मूळचा अकोल्याचा. मोहालीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांचं मन न दुखावता त्यांना कळवायच्या. गिऱ्हाईक अमेरिकेतलं, त्यामुळे त्याचा दिवस दुपारी तीनला सुरू व्हायचा. बायको पद्मिनी सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. ती साडेआठला घर सोडायची. मुलगी ईश्वरी त्याआधीच शाळेत गेलेली. मधले पाच-सहा तास देवदत्त आणि चंडीगड एकमेकांसमोर बसून असायचे. त्या वेळी हे शहर त्याला उत्तम राखलेल्या सरकारी विश्रामगृहासारखं वाटायचं. स्वच्छ, ऐसपैस, झाडं वेळच्या वेळी छाटलेली, आणि ओळखीचं कुणी नाही. सहा वर्षांत त्याला पत्ता मिळाला होता, माणसं मिळाली नव्हती. ती शाळेने दिली.

प्राथमिक विभागाच्या समन्वयक बेदी मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याचा फॉर्म वाचला आणि त्या खूश झाल्या. "देव दत्त? अरे, दत्त तो हमारे पंजाब के होते हैं! आप तो अपने ही निकले." दत्त हे आपलं आडनाव नव्हे, नावाचाच उरलेला भाग आहे, हे त्याने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो 'दत्तजी' झाला. अकोल्याला फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे बाप्पा. कोणी आपला म्हणून राह्यलं तर म्हणू दे."

बाकीच्या आया शाळेत प्रेमाने मदत करत. देवदत्त यादी करून करायचा. लोहडीच्या शेकोटीशेजारी वाळूच्या बादल्या किती हव्यात, बसच्या रांगेत पोरांनी कुठे उभं राहायचं, हे त्याने मोजून ठरवलं होतं. हळूहळू जे काम कुणालाच नको असेल ते 'दत्तजी देख लेंगे' या सदरात जमा होऊ लागलं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. घरी तो पद्मिनीला रोज त्या सदराचा अहवाल द्यायचा.

ईश्वरी दुसरीत होती तेव्हा आरोग्य सप्ताह आला. वजन आणि उंची शाळेची नर्स बघणार होती, दात बघायला एक डॉक्टर येणार होते, आणि डोळे पालकांनी तपासायचे होते. काम सोपं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, सहा मीटरवर मूल, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने वरून खाली वाचायचं. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत आलं की सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर उत्तम. शाळेकडचा तक्ता मात्र कोपऱ्यात उंदराने चाखलेला, आणि कुणीतरी पेनाने प्रत्येक अक्षरावर बरोबरची खूण केलेली.

"दत्तजी देख लेंगे," बेदी मॅडम म्हणाल्या.

दत्तजींनी बघितलं. प्रत्येक ओळीची उंची मिलिमीटरमध्ये काढली. तक्ता छापून घेतला, लॅमिनेट केला. प्लास्टिकवर दिव्याची चमक येते हे दिसल्यावर बिनचमकीच्या प्लास्टिकमध्ये पुन्हा केला. घरात सहा मीटर सरळ जागा एकच होती, स्वयंपाकघराच्या दारापासून बाथरूमच्या दारापर्यंतचा पॅसेज. तिथे त्याने तक्ता टांगला आणि सकाळी, दुपारी, ढगाळ असताना, दिवा लावून, कसा दिसतो ते नऊ दिवस पाहिलं.

"अरे, पोरांचे डोळे तपासायचेत," पद्मिनी टॉवेल घेऊन तक्त्याखालून जाताना म्हणाली, "उपग्रह नाही सोडायचा."

"काम करायचं तर नीट करायचं."

"करा. पण बाथरूमसमोर उभं राहून डोळे बारीक करून बघत जाऊ नकोस. शेजारच्या आंटी विचारत होत्या, भाईसाब को कोई तकलीफ है क्या."

साडेसात वर्षांची ईश्वरी त्या नऊ दिवसांत तक्त्याखालून दिवसातून वीस वेळा गेली असेल. तिने काही विचारलं नाही. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर ती हिंदीत द्यायची. आणि बरेचदा द्यायचीच नाही.

तपासणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात वर्गवार रांगा लागल्या. देवदत्त तक्त्याशेजारी पट्टी घेऊन उभा, एक आई डोळा झाकायला, एक आई कार्डावर लिहायला. ईश्वरीचा नंबर सतरावा. उजव्या डोळ्याने तिने भरभर वाचलं. उजवा झाकल्यावर डाव्याने त्याहून भरभर वाचलं. पट्टी अक्षरावर पोचायच्या आधीच तिचं उत्तर तयार. अगदी शेवटची, बारीक ओळसुद्धा.

"दत्तजी, बेटी है कि बाज़!" डोळा झाकणारी आई म्हणाली.

देवदत्तला हसू आवरेना. कार्ड त्याने स्वतःच्या हाताने भरलं. उजवा डोळा, सिक्स बाय सिक्स. डावा डोळा, सिक्स बाय सिक्स. खाली तपासणाऱ्याची सही.

तीन वर्गांतली एकशे बारा मुलं तीन तासांत झाली. नजर कमी असलेली दोन निघाली. वार्षिक समारंभात देवदत्तला उत्कृष्ट पालक-स्वयंसेवकाचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर 'श्रीमती' आधीच छापलेलं होतं. ते पांढऱ्या शाईने खोडून दिलं.

*

पुढची तपासणी एक वर्ष सोडून, चौथीत व्हायची होती. त्याआधीच, ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी, समोरच्या बागेत खेळताना ईश्वरीच्या उजव्या डोळ्याला बॅडमिंटनचं फूल लागलं. फार काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलम घातलं आणि दोन दिवस त्या डोळ्यावर पट्टी ठेवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीने दूध ग्लासच्या शेजारी ओतलं. पूर्ण, शांतपणे, ओट्यावर.

"काहून गं? बघून ओत ना."

"पट्टी है न."

"एकाच डोळ्यावर आहे. दुसरा उघडा आहे की."

"वो वाली से तो ऐसे ही दिखता है."

"ऐसे ही म्हणजे?"

ती विचारात पडली. बाप इतकी साधी गोष्ट का विचारतो आहे, हे तिला कळेना. "मतलब, जैसे दिखता है. घुला-घुला. एक आँख देखने की होती है न पापा, और एक ऐसे ही होती है."

देवदत्तने फडकं घेऊन ओटा पुसला. मग कॅलेंडर तिच्यासमोर चार पावलांवर धरलं आणि महिना कुठला ते वाच म्हणाला. ती म्हणाली, "कुछ लाल-लाल है."

सरकारी रुग्णालयाच्या डोळ्यांच्या विभागात सकाळी सातला रांग लावून साडेअकराला नंबर आला. डॉक्टर ग्रेवाल या चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी डोळ्यांत औषध घातलं, यंत्रं लावली, तासभर तपासलं. डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर होता. तिरळेपणा नाही, लाली नाही, बाहेरून काही दिसण्यासारखं नाही. एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र येतं आहे म्हटल्यावर मेंदूने दुसऱ्याचं ऐकायचं सोडून दिलं होतं.

"लेज़ी आई कहते हैं," त्या म्हणाल्या. "सात की उम्र तक पकड़ लेते तो चश्मा और पट्टी, साल भर में काफ़ी ठीक. अब सवा नौ है. कोशिश करेंगे. पूरा लौटेगा, ये मैं नहीं कहूँगी. स्कूल में कभी चेक नहीं हुआ?"

देवदत्तने फाइल उघडून कार्ड पुढे केलं. कागदपत्रं नीट लावलेली असणं ही त्याची सवय त्या दिवशी त्याला नडली. डॉक्टरांनी वाचलं. "साढ़े सात में सिक्स बाय सिक्स? हो ही नहीं सकता. किसने देखा था?"

"मैंने."

डॉक्टर ग्रेवालनी कार्डावरची सही पाहिली. मग ते परत देत म्हणाल्या, "बच्चे याद कर लेते हैं." आणि पुढच्याला हाक मारली.

रुग्णालयाच्या फाटकाबाहेर छोले-कुलचेवाल्याच्या सावलीत ईश्वरी कुलचा खात होती. औषधाने डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे तिने बापाचा गॉगल लावला होता. तो घसरून नाकावर आलेला.

"ईशू, तुला तो तक्ता पाठ होता?"

तिने घास न थांबवता म्हणून दाखवला. सगळ्या ओळी, वरून खाली, श्वास न घेता. पावणेदोन वर्षांनंतर एकही अक्षर चुकलं नाही.

"पाठ काहून केला पण?"

"आपने ही तो लगाया था," ती म्हणाली. "मुझे लगा याद करना है. टेस्ट था न." मग कुलच्याचा तुकडा छोल्यात बुडवत म्हणाली, "और आप सबके सामने खड़े थे. मैं रुक जाती तो आंटी लोग आप पर हँसतीं."

देवदत्तने छोलेवाल्याला पैसे दिले. त्याने दिलेली सुटी मोड मोजायचं नाटक तो बराच वेळ करत होता.

पद्मिनी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "मी पण रोज त्याच्याखालून गेले की. माझ्या प्रयोगशाळेत कुणी तपासायच्या आधी नमुन्यावरचं नाव बघितलं, तर मी त्याला आठवडाभर टेबलाशी उभं करत नाही."

"मग मलाही करू नकोस उभं."

"येड्यासारखं बोलू नकोस. पट्टी किती तास लावायची ते सांग."

"रोज दोन."

"शाळेतून आल्यावर लावू. तू तीनला बसतोस कामाला, त्याआधी तू लावून दे. काढायला मी पाचला पोचते."

चष्मा आला. रोज तीनला पाच मिनिटं कमी असताना देवदत्त मुलीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवू लागला, आणि ती दोन तास भिंतीला हात लावत घरात फिरू लागली.

*

त्या आठवड्यात देवदत्तने दुसरीच्या तपासणीची जुनी यादी काढली. ती त्याच्याकडे असणारच होती. कमी नजरेची दोन मुलं कोण होती, ते त्याने पाहिलं. एक दुसरी-अ मधलं, हजेरीत पहिलं. एक दुसरी-क मधलं, तेही पहिलं. रांगेत त्यांच्या पुढे कुणी नव्हतं, म्हणून त्यांना अक्षरं ऐकायला मिळाली नव्हती. बाकी एकशे दहा मुलांनी, पुढच्याचं ऐकून, उत्कृष्ट नजर मिळवली होती. बारा वर्षं टेस्टिंग केलेल्या माणसाला हे त्याच दिवशी दिसायला हवं होतं. त्या दिवशी त्याला स्वतःच्या मुलीचं कौतुक दिसत होतं.

तो बेदी मॅडमकडे गेला. ईश्वरीचं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. यादीचं सांगितलं तेव्हा ते आटलं.

"दत्तजी, दिल पे मत लो. आपने तो सेवा की है."

"मॅडम, वो टेस्ट ग़लत था. सब बच्चों का दोबारा होना चाहिए. किसी डॉक्टर से."

"नवंबर में होगा न, चौथी का. आपका तो अब एक्सपीरियंस भी है."

"नवंबर मतलब तीन महीने. और मैं नहीं, डॉक्टर."

"देखिए जी, रिपोर्ट तो कब की ऊपर जा चुकी. अब हम लिखें कि ग़लत थी?" त्यांनी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. "पेरेंट्स बेकार में घबराएँगे."

देवदत्तने बिस्कीट घेतलं, कारण नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. घरी येऊन त्याने 'वंडर मॉम्स'वर लिहिलं. कामावर दोष कळवताना लिहायचा तसंच लिहिलं. दुसरीत मी केलेली डोळ्यांची तपासणी भरवशाची नव्हती. रांगेतल्या मुलांना अक्षरं ऐकू येत होती. माझ्या मुलीचा दोष तिच्यात सुटला. कृपया आपल्या मुलाचा एकेक डोळा झाकून डॉक्टरांकडून तपासून घ्या. चूक माझी आहे.

दहा मिनिटांत सव्वीस जोडलेले हात आले. ईश्वरीसाठी प्रार्थना आल्या. एका आईने डोळ्यांसाठी गाजर आणि बदामाची कृती पाठवली. दुसरीने विचारलं की स्वातंत्र्यदिनाचे पोशाख परत कुठे करायचे. मग बेदी मॅडमनी लिहिलं, 'प्लीज़ डोंट क्रिएट पॅनिक', आणि संध्याकाळपर्यंत गटात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय झाली. देवदत्तला गटातून कुणी काढलं नाही. तेवढे ते लोक सभ्य होते.

पाच आठवड्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई पंजाबी मिसळलेल्या हिंदीत बोलत होती. चौथी-कमधल्या गुरनूरची आई. मुलाला दाखवलं, उजवा डोळा, ईश्वरीसारखाच, थोडा कमी. देवदत्तला क्षणभर, अगदी क्षणभर, बरं वाटलं. कुणीतरी वाचलं होतं, कुणीतरी गेलं होतं.

"आपने बताया, वो तो ठीक है जी," ती म्हणाली. "पर उस कार्ड के भरोसे मैं दो साल बैठी रही. मेरी सास कहती थी, मुंडा टेढ़ा होके टीवी देखता है. मैं उन्हें कार्ड दिखाती थी. आपके साइन वाला."

"जी."

"बस, यही कहना था."

तिने फोन ठेवला. देवदत्तने तो नंबर साठवून ठेवला, 'गुरनूर, उजवा' या नावाने. पुन्हा लावायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.

नोव्हेंबरमध्ये चौथीची तपासणी एका चष्म्याच्या दुकानाने फुकट करून दिली. दर तिसऱ्या मुलाला चष्मा लागला. दुकानात वीस टक्के सूट होती.

*

ऑक्टोबरच्या तपासणीत डॉक्टर ग्रेवालना ईश्वरीच्या डाव्या डोळ्यात दोन ओळींची सुधारणा दिसली होती. त्या हसल्या होत्या, आणि त्या हसतात हे देवदत्तला तेव्हाच कळलं. पद्मिनीने त्या दिवशी संस्थेतून लवकर येऊन पुरणपोळी केली; कुरुक्षेत्राच्या गुळाची, जरा फाटलेली. दोन तासांची पट्टी पुरते आहे, तेवढीच चालू ठेवा, असं ठरलं.

फेब्रुवारीत पुन्हा बोलावलं होतं. धुकं होतं, रांग लांब होती. ईश्वरीला खुर्चीत बसवून चांगला डोळा झाकला. समोरच्या पडद्यावर बटण दाबलं की वेगळी अक्षरं यायची, पाठ करायची सोय नाही. देवदत्त खुर्चीच्या जरा पुढे, भिंतीशी उभा होता. गेल्या खेपेलाही तिथेच होता.

"टी," ईश्वरी म्हणाली. "एच. व्ही." तिसरी ओळ झाली. चौथीवर ती थांबली. "ओ… नहीं, डी." मग, "पी… नहीं, एफ."

बरोबर. डॉक्टर मान हलवत होत्या. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. देवदत्तचं लक्ष मुलीकडे होतं, आणि मुलगी पडद्याकडे बघतच नव्हती. खोली लहान, तो तिच्यापासून हातभर अंतरावर. एवढ्यावरून तिच्या डाव्या डोळ्याला त्याचा चेहरा दिसत होता. ती एक अक्षर म्हणायची आणि त्याच्याकडे बघायची. चुकलं की त्याच्या भुवया जवळ येत असणार. ती अक्षर बदलायची, भुवया सुटायच्या.

ऑक्टोबरमध्येही तो इथेच उभा होता. दोन ओळी. पुरणपोळी. चार महिने रोज दोन तास, जिथे कदाचित जास्त हवे होते.

"डॉक्टर, मैं बाहर रुकता हूँ," तो म्हणाला. "शुरू से कराइए. और पिछली बार वाला भी मत मानिए."

डॉक्टर ग्रेवालनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि बटण दाबून अक्षरं बदलली. ईश्वरीने खुर्चीतूनच हाक मारली, "पापा, रुको न," पण तोवर तो दाराचा कापडी पडदा सारून बाहेर पडला होता.

बाहेरच्या बाकावर जागा नव्हती. तो भिंतीला टेकला. आतून आवाज येत होता. ई. एल. एन. मग काही नाही. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. पुन्हा काही नाही. ती कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघू पाहत असेल, आणि डॉक्टरांचा चेहरा तर भिंतीसारखा. रांगेतलं एक मूल रडत होतं, त्याच्या आवाजात पुढचं हरवलं. ते थांबलं तेव्हा त्याला ईश्वरीचा आवाज आला, बारीक, जरा रागावलेला.

"नहीं दिख रहा."

"कोई बात नहीं. ये?"

"ये भी नहीं."

ऑगस्टमध्ये होती तिथेच होती. डॉक्टरांनी फाइलमध्ये ऑक्टोबरचा आकडा खोडून बाजूला सही केली. रोज सहा तास, त्या म्हणाल्या, शाळेतही. जूनपर्यंत बघू. त्यानंतर जे असेल ते.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली होती. मटका चौकाचा दिवा लाल झाला तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हनुवटी टेकली.

"डाँटोगे?"

"नाही."

"मम्मा को बोलोगे?"

"सांगावं लागेल. पट्टी तिलाच लावायची आहे सकाळी."

"स्कूल में भी पहननी है? सबके सामने?"

"हो."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. स्कूटर चौक ओलांडून गेल्यावर ती म्हणाली, "तो आप मत आना स्कूल. कुछ दिन."

"नाही येणार," देवदत्त म्हणाला. तसंही सप्टेंबरपासून त्याला कुणी बोलावलं नव्हतं. हे तिला सांगायची गरज नव्हती.